बोया कोणी बांधला

नांगर हरवला त्याच्या दुसऱ्या दिवशी तांडेल आणि त्याची बायको एकमेकांशी अवाक्षर न बोलता धक्क्यावर आली. त्यावरूनच धक्क्याला काय ते समजलं. एरवी ही दोघं घरापासून भांडत येतात आणि भांडण बोटीत ठेवून इंजिन सुरू करतात.

बायकोला सगळा धक्का डावरी म्हणायचा. ती डाव्या हाताने जाळी विणायची, आणि अशी विणायची की उजव्या हाताच्या बायकांनी आपापल्या सुया पिशवीत टाकून घरी जावं. तिला त्या नावाचा राग नव्हता. नवऱ्याला मात्र कुणी 'डावरीचा नवरा' म्हटलं की यायचा, म्हणून तोंडावर त्याला सगळे तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, म्हणायचे. बोटीवर माणसं दोनच, तो आणि ती. तरी तांडेल तो तांडेल.

"काय तांडेल," डिझेलवाल्याने नळी टाकीत सोडता सोडता विचारलं, "नांगर दिसत नाही? बोट आता खुंटीला टांगून ठेवणार वाटतं."

"नांगर पाण्यात आहे," तांडेल म्हणाला. "नांगराची जागा पाण्यातच असते. तुझ्यासारखा तो धक्क्यावर बसून राहत नाही."

डावरीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. आज हसायचं नाही असं ठरवून ती आली होती. आज नीट बघायचं होतं.

बघायचं होतं ते नवऱ्याकडे. लेक शहरात राहायची, आणि गेलं वर्षभर फोनवर तिचा एकच धोशा होता. बाबा विसरायला लागलेत. बोट विका, आमच्याकडे या. आता तर बोटीला गिऱ्हाईकही तिनेच शोधलं होतं. हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. "आई, तूच ठरव," लेक म्हणाली होती. "बाबांना विचारून काही उपयोग आहे का? उद्या विचारलेलंही विसरतील."

विसरत होता का? विसरत होता. तीच गोष्ट दोनदा सांगायचा. एकदा गॅस चालू राहिला होता. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायचा. पण चष्मा लागला त्या दिवसापासून तो चष्मा शोधतच होता, मग ते धरायचं की सोडायचं? डावरी रोज मनात हिशेब मांडायची आणि रोज पुसायची. शेवटी काल नांगर गेला तेव्हा तिने मनाशी सरळ एक ठरवून टाकलं. नांगर नवरा सांगतो तिथे सापडला, तर बोट राहील. नाही सापडला, तर लेकीला हो म्हणायचं. हे तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो सगळ्या गावाचे नांगर उपटून घेऊन आला असता.

कालची गोष्ट अशी झाली. बाहेर, जिथे बेटाच्या आणि किनाऱ्याच्या मधून समुद्र चिंचोळा होऊन वाहतो, तिथल्या खडकांवर मासळी चांगली लागते. पण पाणी उभं असतं तेवढ्याच वेळात. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी आणि ओहोटी संपून भरती लागायच्या आधी पाणी थोडा वेळ थबकतं, तेवढ्यात नांगर टाकायचा, गळ सोडायचे आणि ओढ लागायच्या आत निघायचं. काल उधाणाचं पाणी होतं आणि मासे असे काही लागत होते की दोघांनाही निघवेना. मग ओहोटी अशी सुरू झाली की बोट दोराला ताणून नदीतल्या काठीसारखी थरथरायला लागली. नांगर खडकात अडकलेला, निघेना. तेवढ्यात वरून, ओढीबरोबर, एक झाडाचं खोड आडवं वाहत सरळ बोटीवर आलं. अशा वेळी नांगर काढत बसत नाहीत. दोराच्या टोकाला तरंगणारा बोया बांधतात, दोर सोडून देतात, जीव वाचवतात आणि पाणी थांबल्यावर येऊन बोया शोधतात. हे सगळ्यांना येतं. तसंच केलं. खोड हातभर अंतरावरून गेलं. नंतर मागे वळून पाहिलं तर बोया कुठेच नाही. पाणी नुसतं घुसळत होतं, आणि इंजिन खोकत होतं, म्हणून दोघं घरी आली.

डावरीच्या डोळ्यांसमोर हे चित्र अगदी स्वच्छ होतं. ती मागे, सुकाणूपाशी. नवरा पुढे, बोटीच्या टोकाशी नाळेवर वाकलेला, पाठमोरा, दोर हातात.

बोट धक्क्यापासून सुटली आणि तिने पाणी प्यायला हात मागे नेला.

"अहो, पाण्याचा कॅन कुठाय?"

"असेल तिथेच."

"तिथे नाही."

"मग घरी राहिला असेल."

"कॅन कधी घरी नेतो का आपण? तो बोटीतच असतो. काल कुठे ठेवलात?"

तांडेल बराच वेळ विचार करत राहिला, इतका की प्रश्न पाण्याचा होता हे तिचंच तिला विसरायला झालं. "काल मी प्यायलो होतो त्यातलं," तो म्हणाला. "थोडंच उरलं होतं." एवढं बोलून तो समोर बघायला लागला. डावरीने कॅनही हिशेबात लिहिला. मनातल्या मनात, पण ठळक.

दोघं पोचली तेव्हा ओहोटी अजून जोरात होती. टेकायला नांगर नाही, म्हणून इंजिन चालू ठेवून एका जागी तोलून राहावं लागत होतं. सुकाणूवर डावरी. तांडेल नाळेवर उभा राहून खुणा जुळवत होता. समुद्रावर पाटी लावता येत नाही, तेव्हा किनाऱ्यावरच्या दोन दोन वस्तू एका रेषेत धरायच्या असतात.

"टाकी चिमणीच्या मागे पूर्ण लपली पाहिजे," तो ओरडला, "आणि दिव्याचा मनोरा त्या खडकाच्या खाचेत बसला पाहिजे. घे अजून वर."

"टाकी अर्धी दिसत होती काल," डावरी म्हणाली.

"लपली होती."

"अर्धी दिसत होती! मी म्हटलंसुद्धा मनात, टाकी डोकावून बघतेय."

"मनात म्हटलंस ते मला कसं ऐकू येणार?"

"मोठ्याने म्हटलेलं तरी कुठे ऐकू येतं तुम्हाला?"

दोघं त्याच्या खुणेवर गेली. काही नाही. तिच्या खुणेवर आली. काही नाही. पाणी मोठमोठ्या वळ्या घालत बोटीखालून पळत होतं आणि त्यावर एखादा पक्षी, फेसाचा गोळा, शेवाळ, एवढंच. ती दर वेळी शेवाळाला बोया समजली आणि दर वेळी तिच्या जिवात जीव येऊन परत गेला.

"तुम्ही नक्की कुठला बोया बांधलात?" तिने विचारलं. "तो मोठा नारिंगीच ना?"

"तोच असणार."

"असणार म्हणजे?"

"नांगराचा बोया तोच आहे ना आपल्याकडे. दुसरा कुठला?"

तो नाळेवरून खाली उतरला, चार बोटांचा लोखंडी आकडा काढायला. विहिरीतली बादली काढायला असतो तसा, फक्त मोठा. बोया दिसत नसेल तर हा आकडा तळावरून ओढायचा, दोर त्यात सापडला तर सापडला. आकडा ताडपत्रीखाली होता. त्याने ताडपत्री उचलली आणि तो तसाच वाकलेला राहिला.

ताडपत्रीखाली नारिंगी बोया होता. मोठा, गोल, कोरडा ठणठणीत.

डावरीने तो सुकाणूवरूनच ओळखला. म्हणजे बोया बांधलाच नव्हता. दोर नुसता सोडून दिला होता आणि घरी येऊन छातीठोकपणे सांगितलं होतं की बांधलाय. हे चष्म्यासारखं नव्हतं. हे धरायचं की सोडायचं असा प्रश्नच नव्हता. लेकीला काय सांगायचं ते वाक्यसुद्धा तिच्या मनात तयार झालं, आणि वाक्य तयार झाल्याबरोबर तिला रडू यायला लागलं, म्हणून तिने इंजिनाकडे बघितलं.

तांडेल बोयाशेजारी बसला. बोयावर हात ठेवून, एखाद्या शेजाऱ्याच्या पोरावर ठेवावा तसा.

"मी बांधला होता ना?" त्याने विचारलं.

ती चरकली. वाद घालणारा नवरा तिला माहीत होता. विचारणारा नवा होता.

"तुम्हीच तर म्हणालात बांधला म्हणून."

"नाही, तू म्हणालीस."

"मी कशाला म्हणेन? मी इथे मागे होते. तुम्ही पुढे होतात."

"असेल," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर असेल." आणि आकडा घेऊन उठला.

मग आकडा टाकायचा, बोट आडवी न्यायची, दोर हाताला जड लागतो का बघायचं, ओढायचा, परत टाकायचा. एकदा आकड्याला चांगली गच्च ओढ बसली. दोघं सगळं विसरून ओढायला लागली. वर आलं ते कुणाचं तरी जुनं जाळं, शिंपल्यांनी भरलेलं. डावरीने सवयीने त्याची गाठ चाचपली. "उजव्या हाताचं आहे. आणि आळशी हाताचं," असं म्हणून तिने ते परत समुद्राला देऊन टाकलं. तांडेल हसला. ती पण हसली. नंतर दोघांनाही आठवलं की हसण्यासारखं काही नाहीये.

हळूहळू बोटीचं थरथरणं कमी झालं. पाण्यावरच्या वळ्या सैल पडल्या, मग नुसत्या गुळगुळीत झाल्या, जसं एखादं घर रडून रडून गप्प होतं. फेस एका जागी गोळा व्हायला लागला. तिने इंजिन अगदी मंद केलं. पाणी उभं राहिलं होतं. आता नाही सापडला तर नाहीच.

तांडेल आकडा गुंडाळत होता, त्याची त्या बाजूला पाठ होती. म्हणून ते डावरीलाच आधी दिसलं. बोटीपासून थोड्या अंतरावर पाण्यातून काहीतरी पांढरं निघालं. निघालं म्हणजे तरंगत आलं नाही, खालून वर आलं, लाजत लाजत, आधी एक कोपरा, मग दुसरा. मग अख्खं वर येऊन एका कुशीवर झोपलं.

"अहो."

"काय?"

"अहो, आपला पाण्याचा कॅन आहे तो."

तांडेलने वळून बघितलं. तो कॅनकडे बघायचा, मग डावरीकडे बघायचा, मग कॅनकडे. "तो इथे काय करतोय?" असं त्याने अगदी खरं खरं, भोळेपणाने विचारलं, जणू कॅन पायी आला होता.

जवळ गेल्यावर समजलं. कॅनच्या मुठीला दोर होता. दोर खाली, खोल, अंधारात गेला होता. एवढासा कॅन उधाणाच्या ओढीला काय पुरणार? ओढ लागली की दोराबरोबर त्याला पाण्याखाली बुडी मारायला लागत होती, आणि ओढ थांबली की तो वर येत होता. कालपासून प्रामाणिकपणे हेच करत होता. दाबाने चेपून निम्मा झाला होता, पण झाकण घट्ट होतं.

तांडेलने हूकने कॅन जवळ ओढला आणि बोटीत घेतला. "बघ," तो म्हणाला. "बांधला होता ना? बोया नसेल सापडला घाईत, कॅन बांधला. डोकं चाललं की नाही माझं?" त्याचा चेहरा असा काही उजळला की डावरीलाही बरं वाटलं. तिने मनातलं लेकीसाठीचं वाक्य खोडायला घेतलं. तिने कॅन मांडीवर घेतला आणि खोडता खोडता तिचा हात मुठीवरच्या गाठीकडे गेला.

गाठ जाळ्याची होती. बोटीवरची माणसं बोया बांधताना मोठा फास घालतात, तांडेल आयुष्यभर तोच घालत आला. ही गाठ जाळं विणणाऱ्या हाताची होती. आणि तिचं टोक उलट्या बाजूने बाहेर पडलं होतं. तिने बोटांनी दोनदा बघितलं. अख्ख्या धक्क्यावर अशी गाठ घालणारं माणूस एकच होतं, आणि ते आत्ता कॅन मांडीवर घेऊन बसलं होतं.

"ही मी बांधलीय," डावरी म्हणाली.

"हं?"

"गाठ माझी आहे. डावी."

तांडेल खाली बसला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि गाठ बघितली. "आहे खरी," तो म्हणाला.

"पण मी सुकाणूवर होते."

"इंजिन बंद पडलं ना काल, खोड आलं तेव्हा. मी इंजिनाशी आलो. तुला म्हटलं, पुढे हो, दोर सोड." तो अडखळला. "असं मला वाटतं. म्हणजे काल वाटत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो की. घरी आल्यावर विचारलं तुला, काय बांधलंस म्हणून. तू म्हणालीस, मी कुठे, तुम्ही बांधलंत, आता हेही विसरलात का. आणि लगेच लेकीला फोन लावलास. मी आतून ऐकत होतो. तू सगळं इतकं नीट सांगत होतीस, मी कसा वाकलो होतो, दोर कुठल्या हातात होता. मला ते दिसायलाच लागलं." तो चष्म्याची काच शर्टाला पुसायला लागला, ओल्या शर्टाला. "वर्षभर तुम्ही दोघी सांगताय की मी विसरतो. मग म्हटलं, असेल. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त आठवतं."

डावरी आठवायला बसली. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून. खोड दिसलं. थरथरणारी बोट दिसली. नाळेवर वाकलेली पाठ दिसली, पण ती नवऱ्याचीच होती, त्याच्याच शर्टातली. स्वतःला तिने पुढे उभं करून बघितलं, तर ती चित्रात बसेना, परक्या बाईसारखी संकोचून उभी राहिली. कॅन हातात घेतल्याचं तर काहीच नाही. गाठ मात्र बोटांखाली होती. तिच्या बोटांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी तिला सांगितलं नव्हतं.

आणि मग तिला गेल्या वर्षभराचा तो हिशेबच संशयास्पद वाटायला लागला. गॅस चालू राहिला होता तो कुणाकडून? तीच गोष्ट दोनदा सांगितली, हे खरं, की त्याने एकदाच सांगितली आणि तिला ती पहिल्यांदा आठवली नाही? नाही, दोनदा म्हणजे दोनदाच झालं असणार. असणार. हा शब्द तिच्याच तोंडात आल्यावर तिने हिशेब तिथेच थांबवला.

"पाणी फार वेळ उभं राहणार नाही," तांडेल हळूच म्हणाला.

त्याचं म्हणणं खरं होतं. दोघं कामाला लागली. दोर आत ओढत बोट नांगराच्या डोक्यावर नेली, आणि तिने सहज वर बघितलं तर टाकी चिमणीच्या मागे पूर्ण लपली होती. कॅन वर आला तेव्हा ती अर्धी दिसत होती. म्हणजे त्याची खूणही बरोबर आणि तिचीही. नांगर त्याच्या खुणेवर, कॅन तिच्या, आणि मधे दोराची लांबी. याने कुणाची बाजू वर येते ते काही तिला कळेना.

नांगर खडकात रुतलेला होता. पण या माणसांची एक रीत आहे. दोराच्या शेवटची साखळी नांगराच्या डोक्याला बांधत नाहीत, बुडाशी अडकवतात, आणि डोक्याशी नुसत्या सुतळीने धरून ठेवतात. नांगर अडकला की जोर लावायचा. सुतळी तुटते, आणि नांगर आला त्याच वाटेने पाठमोरा निघतो. तांडेलने दोर खुंटाला गुंडाळला.

"थांबा," डावरी म्हणाली. "आधी सांगा, काय करताय?"

"दिसत नाही का?"

"दिसतंय. तरी सांगा."

त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्याला काहीतरी उमगलं असावं. "दोर खुंटाला घेतलाय," तो शाळेतल्या पोरासारखा म्हणाला.

"दोर खुंटाला घेतलाय," ती म्हणाली. "मी इंजिन पुढे घेतेय."

"तू इंजिन पुढे घेतेस."

बोटीने धक्का दिला, दोर कुरकुरला, नाळ खाली गेली, आणि मग खाली कुठेतरी सुतळी तुटली. आवाज आला नाही, पण दोघांच्या तळपायांना समजलं. नांगर वर आला तो बूड वर करून, शेवाळाची दाढी लावून. त्यांनी तो आत घेतला आणि काही वेळ दोघं त्याच्या दोन बाजूंना धापा टाकत बसून राहिली.

परतताना, बेटाचं टोक ओलांडल्यावर, फोनला रेंज आली आणि तो लगेच वाजला. लेकच होती.

"आई, काय झालं? मिळाला?"

"मिळाला."

"बाबा म्हणत होते तिथे?"

"तिथेही, आणि मी म्हणत होते तिथेही. ते जाऊ दे. ऐक, बोया बाबांनी नव्हता बांधला. मी बांधला होता. विसरले ते मी."

पलीकडून लेकीचा मोठा सुस्कारा. "आई, तू नेहमी बाबांना असंच पाठीशी घालतेस."

"अगं, घालत नाहीये. गाठ माझी आहे."

"बरं. काल तूच मला सांगितलंस ना, बाबा पुढे होते, तू मागे? एवढं सविस्तर?"

"सांगितलं."

"मग?"

"तेच तर," डावरी म्हणाली. लेकीला कसं पटवायचं ते तिला समजेना. काल खोटं सांगितलं तेव्हा ती इतक्या खात्रीने बोलली होती की शंकेला जागा नव्हती, आणि आज खरं सांगायचं तर शब्दच चाचपडत होते. तिने फोन नवऱ्यापुढे धरला. "तुम्ही सांगा हो हिला."

तांडेल सुकाणूवरूनच फोनकडे वाकला. "मीच विसरलो, बाळा," तो मोठ्याने म्हणाला. "आईचं काही ऐकू नकोस."

"अहो!" डावरीने फोन मागे ओढला. "खोटं बोलताहेत. ऐकलंस ना, खोटं बोलताहेत ते."

"तुम्ही दोघं ना..." लेक म्हणाली. ती हसत होती की रडत होती ते इंजिनाच्या आवाजात समजत नव्हतं. "मी गिऱ्हाइकाला काय सांगू? तेवढं एकच सांग."

डावरीने बोटीकडे बघितलं. ओला नांगर. चेपलेला कॅन. चष्मा परत कपाळावर ढकलून समोर बघणारा नवरा.

"नाही म्हणून सांग," ती म्हणाली. "विसरतंय कोण ते आमचं अजून ठरलेलं नाही. ते ठरेपर्यंत दोघांनाही बोटीवर यावं लागेल. एकट्याला सोडण्यात अर्थ नाही, तो कुणीही असो."

"आई, हे काय उत्तर झालं?"

"मलाही माहीत नाही. पण नाही म्हणून सांग."

फोन ठेवून ती पुढे, नांगराशेजारी जाऊन बसली. सुतळीचा नवा तुकडा काढला आणि साखळी नांगराच्या डोक्याशी बांधायला घेतली. तिने गाठ बांधली, आणि ती दोघांच्याही नजरेला पडेल अशी सरकवून ठेवली.

"काय म्हणाली?" तांडेलने मागून विचारलं.

"ऐकलंत की तुम्ही सगळं."

"ऐकलं. पण तू सांग. मी ऐकलं ते बरोबर आहे का बघू."

म्हणून तिने सुरुवातीपासून सांगायला घेतलं.